चर्चा: खेळाडू मुलांना कॉलेजात कमी मार्कांत घ्यावं का?

एडिसनकर
आमच्या गल्लीतल्या एका मुलाला रोइंगच्या (वल्ही मारून बोट पळवायच्या खेळाच्या) जोरावर आयव्ही लीगमध्ये, म्हणजे हार्वर्ड-येलसारख्या आठ नामांकित विद्यापीठांपैकी एकात, प्रवेश मिळाला. त्याच्याच वर्गातल्या आमच्या लेकीचे मार्क त्याच्यापेक्षा बरेच जास्त, पण तिला त्याच कॉलेजातून नकार. तुम्ही म्हणाल, कोल्ह्याला द्राक्षं आंबट. असतीलही. पण आकडे बघा. एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची मोठी संघटना, तिच्या सगळ्यांत वरच्या गटात, डिव्हिजन वनमध्ये, खेळायला हायस्कूलचे १६ ‘कोअर’ कोर्स (इंग्रजी, गणित, विज्ञान असे मुख्य विषय) आणि त्यांत २.३ जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, पुरतो. चारपैकी २.३! एसएटी-एसीटी या प्रवेशपरीक्षांची अट होती, तीही जानेवारी २०२३ मध्ये काढून टाकली. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीवरच्या खटल्यात बाहेर आलं की कोचने निवडलेल्या खेळाडूंपैकी साधारण ८६ टक्क्यांना प्रवेश मिळतो. बाकीच्या शंभरांतल्या दहांनाही मिळत नाही. माझं म्हणणं सोपं आहे: खेळाडूला हवी तर शिष्यवृत्ती द्या, पण प्रवेशाची रांग सगळ्यांना एकच ठेवा.

ओला_टॉवेल
एडिसनकर, दोन गोष्टींची खिचडी केलीत. २.३ ही मैदानात उतरायची पात्रता आहे, प्रवेशाची नाही. प्रवेश कॉलेज देतं. आयव्हीत २.३ वाल्याकडे कोच ढुंकूनही बघत नाही. तिथे ‘ॲकॅडेमिक इंडेक्स’ असतो, मार्कांवरून प्रत्येक खेळाडूचा एक आकडा काढतात आणि संघाची सरासरी बाकी विद्यार्थ्यांच्या फार खाली जाऊ देत नाहीत. आणि आयव्हीत खेळाची शिष्यवृत्ती नसतेच, त्यामुळे तुमचा उपाय तिथे लागूच पडत नाही.

माझी मुलगी पोहते. चार वर्षं पहाटे पावणेपाचला गाडी काढलीय मी. मागच्या सीटवर ओले टॉवेल, पोळीचा रोल, आणि बायोलॉजीचं पुस्तक, ज्याच्या पानांना अजून क्लोरीनचा वास येतो. हे सगळं सांभाळून तिने मिळवलेला ३.६ आणि घरी बसून मिळवलेला ३.९, यांत कोण पुढे हे इतकं उघड आहे का?

चष्मेबद्दूर
>> घरी बसून मिळवलेला ३.९
ताई, घरी बसून नाही हो. आमचा मुलगा शाळेनंतर दुकानात काम करतो. त्या तासांसाठी कोणता कोच ॲडमिशन ऑफिसात शब्द टाकणार?

जुनं_खोड
उंबरठा उंच करा म्हणणाऱ्यांनी मागचं थोडं आठवावं. १९८६ पासून एनसीएएचा ‘प्रपोझिशन ४८’ हा नियम लागू झाला: ११ कोअर कोर्स, २.० जीपीए, एसएटीत किमान ७००. त्यात सगळ्यांत जास्त अडकली ती गरीब शाळांतली काळी मुलं. मग ‘प्रपोझिशन ४२’ने अशा अर्धवट पात्र मुलांची खेळाची शिष्यवृत्तीही तोडायला घेतली, तेव्हा जॉर्जटाउनचे बास्केटबॉल कोच जॉन थॉम्प्सन जानेवारी १९८९ मध्ये सामना सुरू होण्याआधी कोर्टवरून निघून गेले. एसएटीची अट गेली म्हणून मला तरी दुःख नाही.

पाटीपुसणी
काका, दुसरी बाजूही बघा. कच्च्या मुलाला आत घेतलं की त्याला आत टिकवावंही लागतं. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपल हिलला, १९९३ ते २०११ पर्यंत वर्ग न भरणारे कोर्स चालले. एक निबंध द्या, ग्रेड घ्या. ३१०० च्या वर विद्यार्थी, त्यांतले जवळजवळ निम्मे खेळाडू. आणि २०१७ मध्ये एनसीएएने हात वर केले, कारण हे कोर्स बिगरखेळाडूंनाही खुले होते! पोरांच्या हातात डिग्री आली, डोक्यात काय आलं? फसवणूक खेळाडूंचीच झाली.

मधलीसुट्टी
तत्त्वाचं चालू द्या, मी एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. १६ पैकी १० कोअर कोर्स बारावी सुरू होण्याआधी पूर्ण लागतात, आणि त्यांतले ७ इंग्रजी, गणित, विज्ञानाचे. त्या दहांच्या ग्रेड तिथेच गोठतात, नंतर सुधारून उपयोग नाही. आमच्या मुलाने उन्हाळ्यात ऑनलाइन गणित केलं. काउन्सिलर म्हणाल्या चालेल. नंतर कळलं, तो कोर्स एनसीएएच्या मान्य यादीतच नाही. शाळेचं नाव लिहीत नाही. प्रत्येक कोर्स यादीत आहे का हे स्वतः बघा, कोणाच्या ‘चालेल’वर जाऊ नका.

एडिसनकर
ओला_टॉवेल, पात्रता आणि प्रवेश वेगळे, हे मान्य. गल्लत माझीच. पण त्याने माझा मुद्दा उलट धारदार होतो. फुटबॉल-बास्केटबॉलवाली गरीब मुलं नाही खुपत मला. खुपतात ते रोइंग, सेलिंग, फेन्सिंग, स्क्वॉश. किती सरकारी शाळांत बोटी आहेत? त्याच हार्वर्डच्या आकड्यांत प्रवेश मिळालेल्या गोऱ्या मुलांपैकी ४३ टक्क्यांहून जास्त जण खेळाडू, माजी विद्यार्थ्यांची मुलं, डीनच्या खास यादीतले (देणगीदारांची वगैरे मुलं) नाहीतर प्राध्यापक-कर्मचाऱ्यांची मुलं होती. २०१९ मध्ये रिक सिंगर या प्रवेश-सल्लागाराचं प्रकरण फुटलं तेही याच फटीतून. न खेळणारी मुलं खेळाडू म्हणून आत घुसवली, कोचना पैसे चारून. तो त्याला ‘बाजूचं दार’ म्हणायचा. दार होतं म्हणून तर घुसले ना?

ओला_टॉवेल
चोर शिरला म्हणून दार भिंतीने बुजवत नाहीत, कुलूप लावतात. कोचने दिलेलं नाव दुसऱ्या कोणी तपासावं, एवढंच.

रॅकेटवाला_दादर
स्क्वॉशचं नाव निघालं म्हणून. हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजने १९९८ ते २०१२ सलग २५२ सामने जिंकले, ते भारतासकट जगभरातून मुलं आणून. मुंबईच्या जिमखान्यांत आज कितीतरी आईबाप रॅकेटकडे अमेरिकेचं तिकीट म्हणूनच बघतात. इथे गोऱ्या श्रीमंतांना नावं ठेवताना आपण कोणत्या रांगेत उभे आहोत तेही बघू या.

चष्मेबद्दूर
+१. न्यू जर्सीतल्या कुठल्याही फेन्सिंग क्लासबाहेर शनिवारी उभे राहा. निम्म्या गाड्यांत गणपती आहे.

मधलीसुट्टी
अवांतर: आमच्या धाकट्याने फेन्सिंग सोडलं. मास्क, जॅकेट, दोन तलवारी, सगळं जवळजवळ नवं आहे. कोणाला हवं असल्यास व्यनि करा.

एडिसनकर
व्यनि केला आहे.