विगखालची टोपी: कापड, माप आणि घालायची पद्धत (ठाणे-नवी मुंबई)

कोपरखैरणे_सेक्टर
आईची केमो पुढच्या आठवड्यात खारघरच्या टाटाला सुरू होतेय. केस जातील असं डॉक्टरांनी सांगितलंय. विग पाहून ठेवलाय: सिंथेटिक, मशीनवर शिवलेला, खांद्यापर्यंतचा. दुकानदार सोबत नायलॉनच्या दोन टोप्या फुकट देतोय. तेवढ्या पुरतील का? आईची नोकरी ठाण्याला, जाणं-येणं ट्रान्स-हार्बर लोकलने, आणि घाम भरपूर. डोक्याचा घेर ५६ सेंमी भरला. कापड कोणतं, किती टोप्या घ्यायच्या आणि विग घसरू नये म्हणून काय करायचं, एवढं सांगा.

सुईदोरा
नायलॉनच्या टोप्या परत करू नका, पण आईसाठी त्या धरूही नका. टोपी निवडताना विगकडे बघायचं नसतं, विगखाली काय आहे ते बघायचं. नायलॉनची टोपी केस दाबून बसवायला केलेली असते. डोक्यावर केसच नसतील तर तिला दाबायला काही उरत नाही. ती गुळगुळीत कातडीवर सरकते आणि सरकताना विगही मागे नेते. शिवाय नायलॉन घाम शोषत नाही. आपल्याकडच्या दमट हवेत तासाभरात आत पाणी साचतं आणि तिथून खाज सुरू होते.

केस नसलेल्या डोक्याला बांबू व्हिस्कोस किंवा साधं सुती होजिअरी कापड घ्या. बांबूचं पातळ आणि मऊ असतं, आईला तेच सोसेल. सुती टोपी थोडी जाड होते, पण घरी शिवता येते. विकत घेताना टोपी उलटी करून शिवण बघा. चारही पाकळ्यांच्या शिवणी टाळूवर जिथे मिळतात तिथे गाठ हाताला लागली तर ती टोपी सोडून द्या. विगचं सगळं वजन त्या गाठीवर येतं आणि दुपारपर्यंत तिथे दुखायला लागतं.

माप आजच घेतलंय ना? केस गेल्यावर पुन्हा घ्या. आत्ता केस दाट असतील तर ते गेल्यावर घेर एखाद सेंमीने कमी भरतो. टेप कपाळावरच्या केसांच्या रेषेवरून, कानांच्या वरून मागे आणि मानेच्या खळग्यातून फिरवा. आणखी दोन मापं लिहून ठेवा: कपाळापासून टाळूवरून मानेपर्यंत, आणि एका कानापासून टाळूवरून दुसऱ्या कानापर्यंत. साधारण ५४ ते ५७ सेंमी घेर म्हणजे विगचा मध्यम आकार. आई त्यात बसतात. पण मध्यम विगाखाली जाड टोपी आली की तो अर्धा आकार लहान होतो. म्हणून आधी टोपी घ्या आणि ती घालूनच विग बसवून बघा. बहुतेक जण उलटं करतात, मग घरी आल्यावर विग कपाळावरून वर चढत राहतो.

आकडा: टोप्या चार. एक डोक्यावर, एक पर्समध्ये, एक धुवायला, एक वाळत. जुलैमध्ये पाच लागतील.

रंगपेटी
नायलॉनबद्दल थोडं वेगळं मत. गडकरी रंगायतनच्या विंगेत नाटकापुरता दोन तासांसाठी टोप चढवायचा असेल तर नायलॉनला पर्याय नाही. ती पातळ असते, तिचा उठाव दिसत नाही, आणि भांगातून किंवा समोरच्या लेसमधून (कपाळापाशी असते ती पारदर्शक जाळी) तीच कातडीसारखी भासते. रोज आठ तास घालायची असेल तर मात्र सुईदोरांचं बरोबर आहे.

रंगाबद्दल कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. बाजारात ज्याला बेज म्हणतात तो रंग आपल्या कातडीवर राखाडी-पांढरा दिसतो आणि ट्यूबलाइटखाली भांग खडूसारखा उठतो. फिका तपकिरी घ्या. डोक्याची कातडी चेहऱ्यापेक्षा किंचित उजळ असते, त्यामुळे चेहऱ्याशी तंतोतंत जुळवायचं नाही, एक छटा फिकी धरायची. फक्त बेजच मिळाली तर अर्धा लिटर पाण्यात तीन चमचे चहा पावडर उकळा, गाळून कोमट होऊ द्या, टोपी त्यात दहा मिनिटं बुडवा, मग खळखळून धुवून वाळवा. रंग ओलेपणी गडद दिसतो, त्यामुळे वाळल्याशिवाय ठरवू नका. नायलॉन चहाचा रंग धरतं.

पण मशीनवर शिवलेल्या बंद विगात टोपीचा रंग दिसतच नाही, तिथे हे सगळं सोडून द्या. भांगाला जाळीचं कापड असेल किंवा समोर लेस असेल तरच.

कोपरखैरणे_सेक्टर
खूप धन्यवाद दोघांनाही. आणखी दोन शंका. आई रोज डोक्याला खोबरेल लावते, ते टोपीखाली चालेल का? आणि विग चिकटवायची दुहेरी टेप घ्यावी का? दुकानदार म्हणतोय की ट्रेनमध्ये टेपशिवाय भरवसा नाही.

वॉर्ड_नंबर_नऊ
टेप नको. गोंद नको. केमो चालू असताना डोक्याची कातडी पातळ आणि हुळहुळी होते, टेप काढताना सोलवटते, आणि त्या काळात पांढऱ्या पेशी कमी असल्यामुळे छोटी जखमही महागात पडते. याच कारणाने केस गळायला लागल्यावर वस्तरा फिरवू नका. बऱ्याच औषधांत गळती पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत सुरू होते. तेव्हा ट्रिमरने २-३ मिमी ठेवून कापून घ्या. हे खुंट पुढे काही दिवस गळत राहतात. नायलॉनच्या जाळीत ते अडकतात आणि टोपी काढताना टोचतात. बांबूच्या टोपीत तेवढे अडकत नाहीत. रोज रात्री टोपी उलटी करून झटकायची.

तेल रात्री लावा, तेही चार थेंब, हलक्या हाताने. सकाळी सौम्य साबणाने धुवून, टिपून, डोकं पूर्ण कोरडं झाल्यावरच टोपी. तेलावर बसवलेली टोपी घसरते आणि विग धरून ठेवायला वेलवेटची पट्टी बांधत असाल तर तिचीही पकड जाते. उकाड्याच्या दिवसांत आत टाल्कम पावडर भुरभुरायची सवय असेल तर तीही सोडा. घामात तिचे गोळे होतात आणि मानेपाशी कातडी घासली जाते.

डोक्यावर पू असलेल्या बारीक पुटकुळ्या दिसल्या तर टोपी-विग बंद, फक्त मऊ सुती स्कार्फ. पुटकुळ्यांसोबत ताप असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, त्याच वेळी हॉस्पिटलला फोन करा.

सुईदोरा
घसरण्याचा प्रश्न टेपशिवाय सुटतो. वेलवेटची पट्टी मिळते, इंग्रजीत तिला विग ग्रिप म्हणतात, ऑनलाइन शोधताना तेच नाव टाका. साधारण चार बोटं रुंद असते, मागे वेल्क्रो. लव दोन्ही बाजूंना असलेली घ्या, एक बाजू टोपीला धरते, दुसरी विगला. आईसाठी क्रम असा: आधी टोपी, तिच्यावर पट्टी, मग विग. पट्टी थेट कातडीवर बांधू नका, दिवसभरात चोळली जाते. सिलिकॉनची पट्टी तर नकोच. तिच्याखाली घाम कोंडतो आणि कातडी ओली राहून पांढरी पडते.

घालताना टोपी दोन्ही हातांनी ताणून कपाळाकडून सुरू करा आणि मागे मानेपर्यंत ओढा. मग पुढची कड केसांच्या मूळ रेषेपासून एक सेंमी मागे सरकवा, म्हणजे ती विगच्या कडेखाली लपते. कान बाहेर. कानावर टोपी ताणून ठेवली की ती रबरासारखी वर यायला बघते आणि विग उचलते. कानशिलाजवळ विगाला दोन छोट्या पट्ट्या असतात, दोन्ही आरशात सारख्या उंचीवर आल्या की विग सरळ बसला. शेवटी मानेपाशी आतल्या बाजूला असलेले हुक. जाड टोपी असेल तर एक घर सैल करा. विग काढल्यावर कपाळावरचा वळ अर्ध्या तासात गेला नाही किंवा कानामागे ठणकलं, तर हुक अजून सैल हवेत.

दुकानदार ट्रेनची भीती घालतोय ती खोटी नाही, पण गर्दीत विग वरून निघत नाही, मागचे केस कुणाच्या तरी बॅगेच्या चेनमध्ये अडकतात आणि ओढले जातात. ठाण्याला उतरेपर्यंत केस पुढे घ्या किंवा सैल स्कार्फ गुंडाळा. खांद्यापर्यंतच्या सिंथेटिक विगाची टोकं मानेवर घासून आधी खराब होतात, त्यालाही स्कार्फचा फायदा होतो.

पामबीच_सायकल
स्कूटरचं पण सांगा कुणीतरी. पाम बीच रोडला वारा असतो.

सुईदोरा
वाऱ्याचा त्रास नाही, हेल्मेटचा आहे. हेल्मेट काढताना विग बरोबर वर येतो. हेल्मेट सुती टोपीवर घालायचं आणि विग जाळीत गुंडाळून डब्यात न्यायचा. दुसरा सोपा उपाय नाही.

एक गोष्ट राहिली. सिंथेटिक विग घालून गॅससमोर उभं राहायचं नाही. कुकरची वाफ, तव्याचा धग, ओव्हन उघडल्यावर अंगावर येणारी गरम हवा, यांनी समोरचे केस क्षणात आखडतात आणि नंतर सरळ होत नाहीत. स्वयंपाकघरात फक्त टोपी, आणि तीही सुती.

घोडबंदर_दोन
धागा थोडा वळवते. माझ्या बहिणीला केस आहेत, पण पातळ. तिला शिवून घ्यायचं वीव्ह हवंय, म्हणजे स्वतःच्या केसांवर शिवलेले जोडकेस. पार्लरवाली म्हणते जाळी लावली तर पैसे जास्त. जाळी लागतेच का?

वेणीफणी
पातळ केसांना लागते. खाली बारीक सागरवेण्या घालतात आणि पट्टीचे केस त्या वेण्यांवर सुईने शिवतात. जाळी नसेल तर प्रत्येक टाका थेट वेणीला ओढतो. जाळी असेल तर ती आधी डोक्याच्या परिघावर वेण्यांना शिवून घेतात आणि पट्ट्या जाळीवर बसतात, त्यामुळे वजन पसरतं. पूर्ण डोक्याला १०० ग्रॅमच्या दोन-तीन जुड्या लागतात, म्हणजे पाव किलोच्या आसपास वजन कायम लटकतं. कानशिलाजवळचे केस सगळ्यात आधी जातात आणि वर्षानुवर्षं ओढले गेले तर परत येत नाहीत.

पार्लरमध्ये या गोष्टी बघा. वेण्या डोक्याला चपट्या हव्यात, जाड घातल्या तर वर डोंगर दिसतो. वेण्या घालून झाल्यावर भुवया उचलताना कपाळ ताणलं तर त्याच वेळी सांगा, घरी जाऊन सैल होत नाहीत. सुई वाकडी, टोक बोथट. जाळी परिघावरच शिवावी, आणि पुढच्या कडेला एक बोटभर स्वतःचे केस मोकळे सोडून. जाळीची घट्ट कड कपाळाच्या रेषेवर आली की तिथल्या बाळकेसांची वाट लागते.

आणि मुख्य म्हणजे वाळवणं. जाळीखालच्या वेण्या वरून कोरड्या लागतात, पण आत ओल राहते. पावसाळ्यात ठाण्यात त्या पंख्याखाली वाळणार नाहीत. कुबट वास येतो, मग बुरशी. धुतल्यावर ड्रायर मध्यम तापमानावर ठेवून पट्ट्यांच्या रांगांमधून मुळाशी हवा द्या, बोट आत घालून बघा, ओलसर लागलं तर परत. तासभर सहज जातो. एवढा वेळ नसेल तर जून ते सप्टेंबर वीव्ह करू नये, गंगावन लावून सण साजरे करावेत. सहा ते आठ आठवड्यांनी उसवायचंच, कितीही छान दिसत असलं तरी.

बहिणीच्या डोक्यावर चाईचे गोल चट्टे असतील तर मात्र वीव्ह नाहीच. आधी त्वचारोगतज्ज्ञ. आणि पाटीवर वीव्हिंग लिहिलेल्या बऱ्याच ठिकाणी टकलावर पॅच चिकटवून देतात, शिवत नाहीत. जाण्याआधी फोनवर विचारा.

कोपरखैरणे_सेक्टर
बांबूच्या दोन टोप्या मागवल्या. बाकी दोन सुती घरी शिवायच्या म्हणतोय, आत्याकडे मशीन आहे. कापड आणि कटिंग सांगाल का?

सुईदोरा
नवीन कापड घेऊ नका. दहा वेळा धुतलेला सुती टी-शर्ट घ्या, त्याची खळ गेलेली असते. ५६ घेराला रुंदी ५२ सेंमी, उंची २१. ताण रुंदीच्या दिशेने यायला हवा, कापून टाकायच्या आधी ओढून बघा. उंचीच्या दिशेने ताण आला तर टोपी कपाळावरून सरकत डोळ्यांवर येते. दोन टोकं जोडून नळी करा, वरच्या कडेला सारख्या अंतरावर आठ-नऊ सेंमी लांबीच्या चार पाकळ्या गोलसर कापा आणि एकमेकींना जोडा. सगळ्या शिवणी बाहेरच्या बाजूला ठेवायच्या, गुळगुळीत बाजू कातडीला. विगखाली कुणाला दिसणार आहेत. खालच्या कडेला इलॅस्टिक घालू नका, एकदा दुमडून झिगझॅग टाका पुरे. साधी सरळ शिलाई टाकली तर ताणल्यावर दोरा तुटतो.

धुताना कोमट पाणी, सौम्य साबण, सावलीत वाळवणं. कपडे मऊ करणारं द्रव्य नको, त्याचा थर बसला की टोपी घसरते.

कोपरखैरणे_सेक्टर
आईचा प्रश्न, मी फक्त टाइप करतोय: चैत्रातल्या हळदीकुंकवाला विगवर गजरा माळता येईल का?

रंगपेटी
येईल की. आकडा विगच्या मागच्या बाजूला, जिथे केसांच्या शिवलेल्या पट्ट्या हाताला लागतात, त्या पट्टीतून आडवा घालायचा. सरळ आत खुपसला तर टोपीतून डोक्याला टोचेल. पट्टीतच अडकवला की गजरा काढताना विग हलत नाही. फुलं ओली असतील तर आधी रुमालावर निथळू द्या. आणि काकूंना सांगा, मोगऱ्याचा गजरा हलका बसतो, शेवंतीची वेणी जड होते, ती नको.