कूलरचा पंप बंद होताना ईएसपी३२ रीसेट होतो

प्रश्न: नागपूरचा उन्हाळा, त्यामुळे कूलरचा पंप ईएसपी३२ (छोटा वाय-फाय कंट्रोलर बोर्ड) वापरून रिलेवर (विजेने चालणारा स्विच) घेतलाय. पंप बंद झाला की बोर्ड रीसेट. त्याच रिलेवर बल्ब लावला तर बोर्ड रीसेट होत नाही.

उत्तर: म्हणजे कोड ठीक आहे. पंपाच्या कॉइलमुळे रिलेत ठिणगी पडते, तिचा झटका बोर्डापर्यंत येतो. पंपाच्या दोन वायरींमध्ये स्नबर (झटका शोषणारी जोडणी) लावा: १०० ओहम १ वॅट रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरड २७५ व्होल्ट एक्स-२ (मेन्सवर लावायचा सुरक्षित प्रकार) कपॅसिटर, सिरीजमध्ये. डायोड मुळीच नको, पंप एसी करंटवर आहे.

उत्तर: रिले मॉड्यूलवरचा जेडी-व्हीसीसीचा (रिलेच्या कॉइलच्या सप्लायची पिन) जंपर काढून तिथे रिलेला वेगळा ५ व्होल्ट सप्लाय द्या, या सप्लायचा आणि बोर्डाचा ग्राउंड एकमेकांना जोडू नका. मॉड्यूलच्या व्हीसीसी पिनला बोर्डाचे ३.३ व्होल्ट.

उत्तर: भाऊ, कूलरच्या पत्र्याच्या बॉडीला अर्थिंग आहे ना? आधी ते बघा. टाकीत फ्लोट स्विचही (पाणी संपलं की पंप बंद करणारा) टाका, कोरडा पंप जळतो.