हेपवर्थबाईंनी छिन्नीवरून ओतकामाकडे जाणं ही माघार नव्हे का?

टाकीचे_घाव:
इंग्लंडात कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्हजला शिल्पकार बार्बरा हेपवर्थचा स्टुडिओ बघून आलो. 1949 पासून बाईंनी इथे काम केलं आणि 1975 मध्ये इथेच आगीत गेल्या. दगडकामाच्या आवारात अर्धवट कोरलेले दगड अजून तसेच आहेत. बघताना पोटात कालवतं. बागेत मात्र जिकडेतिकडे ब्राँझ!

पूर्वी शिल्पकाराने मातीचा नमुना करायचा आणि संगमरवरात तो कारागिरांनी उतरवायचा, अशी रीत होती. हेपवर्थ, हेन्री मूर वगैरे मंडळींनी ती झुगारली. दगडाशी स्वतः भिडायचं, दगड सांगेल तसं वळायचं. 1956 पासून याच बाई ब्राँझकडे वळल्या, एकेका शिल्पाच्या सहा-सहा प्रती निघू लागल्या. मागणी वाढली, तत्त्व बाजूला पडलं. 1946 चं एल्मच्या लाकडातलं ‘पेलागॉस’ बघा: आतून फिकट निळा रंग, ताणलेल्या तारा. ते एकच आहे.

ओतारी:
आमच्या घरी दोन पिढ्या पितळी घंटा ओतल्या गेल्या, म्हणून राहवत नाही. ‘ओतलं म्हणजे हाताचं नाही’ हे कुणी सांगितलं? साच्यात नमुन्यावरचा अंगठ्याचा ठसासुद्धा उतरतो. बाई ॲल्युमिनियमच्या जाळीचा सांगाडा करून त्यावर प्लास्टर थापायच्या आणि ते वाळलं की कापायच्या, खरवडायच्या. म्हणजे कोरणं सुटलंच नव्हतं, दगडाच्या जागी प्लास्टर आलं. तुम्ही त्या ब्राँझवरचे ओरखडे जवळून बघितलेत का?

टाकीचे_घाव:
बघितले. पण प्लास्टर उलटून बोलत नाही हो. दगडात शीर निघाली तर बेत बदलावा लागतो. प्लास्टरमध्ये चुकलं की वर आणखी थापा.

थेम्सकाठची:
आकाराचं काय करणार? न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आवारातलं ‘सिंगल फॉर्म’ 21 फूट उंच आहे. सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड 1961 मध्ये विमान अपघातात गेले, त्यांच्या स्मरणार्थ 1964 मध्ये ते उभं राहिलं. याच नावाचं बाईंचं जुनं, चंदनात कोरलेलं शिल्प हॅमरशोल्ड यांच्या संग्रही होतं. आता 21 फुटी चंदन आणणार कुठून?

टाकीचे_घाव:
तिथे मान्य, ते काम ब्राँझचंच. माझा राग प्रतींवर आहे.

थेम्सकाठची:
मग ऐका. तुम्ही बागेत बघितलेल्या ‘टू फॉर्म्स (डिव्हायडेड सर्कल)’ची एक प्रत लंडनच्या डलिच पार्कात होती. 1969 चं शिल्प, माणसापेक्षा उंच, पोरं भोकांतून आरपार डोकवायची. डिसेंबर 2011 मध्ये एका रात्रीत चोरांनी ती उचलली. भंगारासाठीच, असं सगळे धरून चालले. ‘सहातली एक गेली, बाकी आहेत ना’ असं तिथल्या कुणाला म्हणून दाखवा! ज्या झाडांखाली ती होती तिथे ती एकच होती.

ओतारी:
अगदी. घंटा एकाच साच्यातल्या असल्या तरी देऊळ बदललं की नाद बदलतो.

टाकीचे_घाव:
टाळ्या वाजवायला बरं वाक्य आहे. पण चोराला त्यात ब्राँझचं वजनच दिसलं ना? ‘पेलागॉस’ वितळवून विकता येत नाही.

ओतारी:
जळतं मात्र.

थेम्सकाठची:
😐 असो. 2015 मध्ये त्या पार्कात शिल्पकार कॉनराड शॉक्रॉसची तीन मोठी वेटोळी बसवली. पोरं आता त्यांवर चढतात. ती बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची आहेत.

ओतारी:
बिडाची? हुशार माणूस. भंगारात बिडाला विचारतो कोण!