मार्गदर्शिका लिहिताना आधी काय: काम की नियम?

लिंबोणी: इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाण कळफलकावर मराठी टाइप करायला शिकवणारी मार्गदर्शिका आमच्या वाचनालयासाठी नव्याने लिहितोय. जुन्या प्रतीत पहिल्याच पानावर अख्खा कळफलक छापलाय. लोक तो बघतात, मान डोलावतात आणि ‘दऱ्या’ लिहायला गेले की ‘दर्या’ उमटतो. तिथेच अडतात. माझं ठाम मत आहे की पान कामापासूनच सुरू व्हावं. मथळा: ‘दऱ्या’ कसं लिहाल? खाली कळा: ओ, शिफ्ट धरून जे, डी, स्लॅश, ई. पुढचं नंतर.

रातकिडा: अजिबात पटलं नाही. ‘दऱ्या’ जमलं, पण उद्या ‘कुऱ्हाड’ लिहायची झाली की माणूस पुन्हा तुमच्या दारात. आधी रचना सांगा. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. शिफ्ट धरला की क चा ख, त चा थ, प चा फ आणि काना दाबला तर आ. पाय मोडायला डी. हे दहा मिनिटांत समजतं आणि जन्मभर पुरतं. युनिक्स या संगणक प्रणालीचं १९७१ चं मॅन्युअल बघा. एकेका कमांडची नोंद ठरलेल्या साच्यात, आणि त्यात उणिवांसाठीही वेगळा रकाना! तो साचा आजही टिकून आहे.

लिंबोणी: उणिवांचा रकाना मीही घेणार, कारण काही जुन्या फॉन्टमध्ये ‘ऱ्य’ नीट दिसतच नाही आणि शिकणाऱ्याला वाटतं, आपलंच चुकलं. पण ते मॅन्युअल रोज यंत्रासमोर बसणाऱ्यांसाठी होतं. काय शोधायचं हे त्यांना ठाऊक असायचं. आमच्याकडे येणाऱ्या आजोबांना अर्ज लिहायचा असतो.

पाणवठा: तुम्ही दोघं क्रमावर भांडताय, माणूस त्याआधीच अडतो. कळफलक सुरू करायलाच त्याला जमत नाही. मार्गदर्शिकेत ‘मांडणी’ लिहिलेलं आणि पडद्यावर ‘सेटिंग्ज’. मराठी प्रतिशब्दांचा मलाही अभिमान आहे, पण पडद्यावर जे दिसतं तेच अक्षरशः छापा.

रातकिडा: हे मान्य. क्रमाचं मात्र मान्य नाही.

लिंबोणी: काल दोन वाचकांना नवं पान दिलं आणि शेजारी गप्प बसलो. ‘दऱ्या’ दोघांनाही जमलं. त्याखाली एकच ओळ होती: ‘शिफ्ट-जे म्हणजे ऱ. त्याचा पाय मोडला की रफार होत नाही, तो पुढच्या य ला किंवा ह ला चिकटतो.’ मग ‘तऱ्हा’ लिहायला सांगितलं. एकीने न विचारता लिहिलं, दुसरे ह ची कळ शोधत राहिले.

रातकिडा: म्हणजे तारलं नियमानेच. आणि दुसऱ्यांना कळफलकाचा तक्ता हवा होता, जो तुम्ही काढून टाकलात.

लिंबोणी: नियम कामी आला तो ‘दऱ्या’ बोटांखालून गेल्यावर. तक्ता मात्र परत घेतोय, शेवटच्या पानावर.