टेरेसवरची ‘मधमाशी’ आणि रविवारची फवारणी

*बी-३०२ काकू:* टेरेसवरच्या झेंडूवर मधमाश्या लई वाढल्यात. तीन फोटो टाकलेत. पोरं वर खेळतात, काहीतरी करा.

*सेक्रेटरी:* रविवारी डासांची फवारणी आहेच. टेरेसपण घेऊ त्यात.

*सी-२०१:* काका, थांबा जरा. काकू, दुसरा फोटो मोठा करून डोळे बघा तिचे. पिवळट डोळ्यांवर नाचणी सांडल्यासारखे काळे ठिपके आहेत. मधमाशीचे डोळे असे नसतात. ही होव्हरफ्लाय, शेतीवाले सिरफिड माशी म्हणतात. हिला नांगीच नाही.

*बी-३०२ काकू:* अगं, पोटावर पट्टे आहेत की!

*सी-२०१:* तेच तर सोंग! पट्टे बघून पक्षी बिचकतात. मधमाशीला पंख चार, हिला दोनच. मिशाही आखूड आहेत बघा, मधमाशीच्या लांब, कोपरासारख्या वाकलेल्या असतात. तिसऱ्या फोटोत पंख पसरलेत, त्यात एक शीर मध्येच खोल वाकलीय. ती शीर आणि हे ठिपक्यांचे डोळे, म्हणजे होव्हरफ्लायमधला एरिस्टॅलिनस नावाचा गट. मला इतका आनंद झालाय, आपल्या टेरेसवर ही!

*ए-४०३ मामा:* २००२ ला उसावर लोकरी माव्याची कीड आली, तवा सिरफिडची अळी मावा खाताना बघितलीया मी. तीच का ही?

*सी-२०१:* घराणं तेच मामा, शाखा वेगळी. हिची अळी मावा खात नाही. साचलेल्या घाण पाण्यात वाढते, मागं शेपटीसारखी नळी असते, ती वर काढून श्वास घेते.

*बी-१०२:* अय्यो! शेणकाल्याच्या ड्रममध्ये शेपटीवाल्या पांढऱ्या अळ्या होत्या. मी गुरुवारी निम्मा ड्रम गटारात ओतला.

*सी-२०१:* त्याच असणार वहिनी! ती शेपूट जुन्या रेडिओच्या एरियलसारखी आत-बाहेर सरकते. उरलेल्या असतील तर बघा, सडलेलं-कुजलेलंच खातात त्या.

*सेक्रेटरी:* पण त्या ड्रममध्ये डासही होणार की.

*सी-२०१:* व्हय काका, ते खरंय. ड्रमला कापड बांधूया. मग हिलाही तिथं अंडी घालता येणार नाहीत, पण डासांपुढं तेवढं सोसू. झेंडूवर मात्र औषध नको. ती मध प्यायला येते, परागकण इकडून तिकडं नेते.

*सेक्रेटरी:* बरं. टेरेस सोडून बाकी करा म्हणून सांगतो.

*ए-४०३ मामा:* रंकाळ्यावर फुलासमोर हवेत थांबून राहते, हलत नाही, तीच ना?

*सी-२०१:* त्याच घराण्यातली असणार मामा. काकू, अजून एक काम. जातीचं नाव लावायला छातीवरचे पट्टे नीट दिसायला हवेत. उद्या सकाळी वरून एक फोटो काढाल?

*बी-३०२ काकू:* मोबाईल जवळ नेला की उडते गं ती.

*सी-२०१:* तुमची सावली तिच्यावर पडू देऊ नका. सातच्या सुमाराला जा, गारव्यात जरा सुस्त असते. मीपण येते.