जोडून सुट्टीत समुद्राकाठच्या खेड्यात तीन दिवस: दिवस कसे बसवावेत?

ओंजळ:
उन्हाळा सरत आलाय आणि शनिवार-रविवार-सोमवार अशी जोडून सुट्टी मिळतेय. आम्ही दोघं, सात वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण समुद्राची हौस सगळ्यांत जास्त त्यांनाच आहे. घर मिळालंय ते किनाऱ्यापासून दोनेक किलोमीटर आत, शेतांच्या मधोमध. जवळच एक खाडी समुद्राला मिळते. नवऱ्याने बघायच्या ठिकाणांची यादी केली ती अकरावर गेली. मला इतकी धावपळ नकोय. मुलीला पाण्यात मनसोक्त खेळू द्यायचंय, सासूबाईंना किनाऱ्यावर चालवायचंय आणि परतताना रस्त्यात अडकायचं नाहीये. पाण्यात उतरणं कितपत सुरक्षित? ज्यांनी अशी सहल केलीय त्यांनी जरा सविस्तर लिहा, प्लीज.

पायवाट:
अकराची दोन करा, आणि त्यातलंही एक राहिलं तर वाईट वाटून घेऊ नका. जाताना पहाटे निघा. रात्रभर गाडी चालवून गेलं की पहिला दिवस झोपेतच जातो. परतीला सोमवारी दुपारनंतर सगळेच निघतात. एक तर सकाळीच निघा, नाहीतर आणखी एक रजा टाकून सरळ मंगळवारी पहाटे. आम्ही दोन्ही करून पाहिलंय, लहान मूल बरोबर असेल तर दुसरं बरं. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा, आडबाजूला रेंज जाते.

खारवारा:
यादीचं नंतर बघा. आधी त्या तीन दिवसांच्या भरती-ओहोटीच्या वेळा काढा आणि जेवणखाण, झोप, फिरणं सगळं त्यांच्याभोवती बसवा. तुमच्याजवळ खाडीचं मुख आहे हे वाचून राहवलं नाही म्हणून लांबलचक लिहितोय.

चार वर्षांपूर्वी अशाच एका खाडीच्या तोंडाशी मी माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याला घेऊन ओहोटीला उघड्या पडलेल्या वाळूच्या पट्ट्यावर गेलो होतो. जाताना मध्ये एक ओघळ लागला, घोटाभर पाण्याचा. पट्ट्यावर खेकड्यांनी बिळाभोवती वाळूच्या बारीक गोळ्या मांडल्या होत्या, मोहरीएवढ्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या रांगांत. भाचा पालथा पडून ते बघत होता. मी समुद्रावर नजर ठेवून होतो आणि तिकडून पाणी फारसं पुढे येत नव्हतं. ते आलं पाठीमागून. वळून बघतो तर ओघळाच्या तळाशी मघाशी दिसणाऱ्या वाळूच्या वळ्या बुडालेल्या, आणि पाणी काटक्या नि फेस घेऊन खाडीत आत धावत होतं. भाच्याला खांद्यावर घेतलं. मध्यावर पोचेपर्यंत पाणी कमरेच्या वर आलं होतं आणि प्रत्येक पावलाला टाचेखालची वाळू निसटत होती. पलीकडे पोचलो, त्याला खाली उतरवायला लागलो, तरी त्याने माझ्या केसांवरची मूठ सोडली नाही.

नंतर मी हे नीट समजून घेतलं. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या येतात. एकीपासून दुसरी सुमारे १२ तास २५ मिनिटांनी, म्हणून वेळ रोज सरासरी ५० मिनिटं पुढे सरकते. एवढं आपण शाळेत शिकतो. पण ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या साधारण सहा तासांत पाणी एकसारखं चढत नाही. दर्यावर्दी लोकांचा एक ढोबळ हिशोब आहे: एकूण चढाचे १२ भाग करा. पहिल्या तासात १ भाग चढतो, दुसऱ्यात २, तिसऱ्यात आणि चौथ्यात ३-३, मग २, मग १. म्हणजे पहिला तास पाणी हललंय असंही वाटत नाही, आणि मधल्या दोन तासांत निम्मा चढ उरकतो. मी फसलो तो त्या पहिल्या तासामुळे. त्यात खाडीचं तोंड अरुंद, तिथे ओढ जास्तच.

तेव्हा पट्ट्यावर जायचंच असेल तर ओहोटी पूर्ण व्हायच्या तासभर आधी जा आणि पाणी फिरायच्या वेळेला अलीकडे आलेले असा. खेकडे अलीकडेही असतात.

तुमची सुट्टी कोणत्या तिथीला येतेय? अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाणाचे, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा चढउतार कमी. यावर बरंच ठरतं.

शिंपलीवाट:
मुलीबद्दल लिहिते. उन्हाळ्याच्या अखेरीला पाणी छान कोमट असतं, कारण समुद्र जमिनीपेक्षा सावकाश तापतो आणि सावकाश निवतो. त्यामुळे मुलं बाहेर यायलाच तयार नसतात. मी माझ्या मुलांना गुडघ्यापेक्षा खोल जाऊ देत नाही, आणि मोठं माणूस समुद्राच्या बाजूला उभं, हात पुरेल इतक्या अंतरावर. किनाऱ्यावर बसून लक्ष ठेवणं पुरत नाही. जीवरक्षक असलेला किनारा मिळाला तर तोच निवडा.

लाटा फुटताना दोन्हीकडे पांढरा फेस आणि मध्येच एक शांत, गडद पट्टा दिसला तर तिथे अजिबात उतरू नका. नवख्याला तीच जागा सुरक्षित वाटते, पण किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत आत जात असतं. त्याला रिप करंट म्हणतात. सापडलंच कोणी, तर किनाऱ्याकडे झुंजत पोहायचं नाही, किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याबाहेर पडायचं. दम लागला तर तरंगत राहून हात हलवायचा.

आणि दुपारी खारे वारे सुटले की ऊन जाणवत नाही, संध्याकाळी मुलांचे खांदे लाल होतात. पूर्ण बाह्यांचा कपडा घालाच.

ओंजळ:
खारवारा, तुमचा अनुभव नवऱ्याला वाचून दाखवला. त्याने यादी मिटवली. पौर्णिमेनंतरचा दुसरा दिवस म्हणजे आमचा शनिवार. वेळापत्रक काढलं: शनिवारी ओहोटी सकाळी ६.४० ला, भरती दुपारी एकच्या सुमारास, पुन्हा ओहोटी संध्याकाळी सातला. सासूबाईंना कधी न्यावं?

खारवारा:
उधाणाचेच दिवस आलेत म्हणजे. पाणी खूप आत जाईल आणि तितकंच वर येईल, तेव्हा खाडीच्या मुखाचा पट्टा या वेळी सोडाच. बाकी वेळा मात्र तुमच्या सोयीच्या आहेत.

सासूबाईंना सकाळीच न्या. कोरड्या वाळूत पाय रुततो आणि गुडघ्यावर जोर येतो. ओहोटीला उघडी पडलेली ओली वाळू फरशीसारखी घट्ट असते. शनिवारी सव्वासहाला पोचा, त्यांना तासभर रमतगमत चालू दे. रविवारी हीच वेळ साधारण साडेसातला येईल, सोमवारी सव्वाआठच्या पुढेमागे. मुलगीही तेव्हाच खेळेल, ऊन कोवळं असतं. मात्र मोकळ्या, सपाट किनाऱ्यावरच, ओघळ ओलांडून कुठे जायचं नाही.

दुपारी भरती आणि ऊन दोन्ही माथ्यावर, तेव्हा घरी झोपा. तुमचं घर आत शेतात आहे हे फार चांगलं आहे. संध्याकाळी साडेपाचला परत जा आणि अंधार पडायच्या आत पाण्यातून बाहेर या, पण लगेच घरी जाऊ नका. पौर्णिमा होऊन गेलीय, चंद्र अंधार पडल्यावर थोड्या वेळाने उगवतो. तेवढ्या अवधीत आकाश निरभ्र असलं तर मुलीला जेवढे तारे दिसतील तेवढे शहरात दिसत नाहीत. वारा पडलेला असतो तेव्हा. मतलई वारे सुटतात ते आणखी उशिरा, रात्री.

एक राहिलं. सासूबाईंसाठी घडीची खुर्ची न्या. शेवाळ, काटक्या, शिंपल्यांची जी रेघ वाळूवर दिसते, ती आधीच्या भरतीची खूण असते. खुर्ची त्या रेघेच्या चांगली वर मांडा, पाठीमागे जायला वाट मोकळी ठेवून.