नव्या देशाची राजधानी, नवं थिएटर आणि नाटकं मात्र लंडनची?

तिसरी_घंटा:
17 फेब्रुवारी 1794, फिलाडेल्फिया, अमेरिकेची तेव्हाची राजधानी. चेस्टनट स्ट्रीट थिएटरचा पहिला खेळ: आधी 'द कॅसल ऑफ अँडलुशिया' हे संगीत नाटक, मग 'हूज द ड्यूप?' हा फार्स. पहिलं जॉन ओकीफचं, दुसरा हॅना काउलीचा. दोन्ही लंडनमध्ये गाजून आलेले. नटसुद्धा थिएटरचा व्यवस्थापक टॉमस विग्नेलने इंग्लंडहून जमवून आणले होते. इंग्रजांशी तह होऊन जेमतेम 10 वर्षं झालेली! याला अमेरिकन रंगभूमी म्हणायचं? माझ्या मते ही लंडनची शाखा.

विंगेतला:
मग खेळायचं काय होतं त्यांनी? स्वातंत्र्ययुद्धात तिथल्या काँग्रेसने, म्हणजे संसदेने, नाटकांविरुद्ध ठराव केले, पेनसिल्व्हेनियातली बंदी उठली 1789 मध्ये. लिहिणाऱ्यांना रंगमंच मिळाला तर ते लिहिणार ना! त्यात 1793 च्या पिवळ्या तापाने शहरात हजारो माणसं गेलेली. तयार असलेलं थिएटर उघडायलाही 1794 उजाडलं. अशा गावात पहिल्या रात्री गाणी नि हशा ठेवला, यात व्यवस्थापकाची अक्कल दिसते.

तिसरी_घंटा:
धंद्याची अक्कल मान्य. मुद्दा आशयाचा आहे. रॉयल टायलरचं 'द कॉन्ट्रास्ट' 1787 मध्येच न्यूयॉर्कला झालं होतं. अस्सल अमेरिकन नाटक हाताशी असताना ओकीफ कशाला?

खालचा_सूर:
ओकीफवरूनच बोलू. त्याचं 'द पूअर सोल्जर' राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनला फार आवडायचं. त्यातला डार्बी उचलून विल्यम डनलॅप या अमेरिकन लेखकाने 1789 मध्ये 'डार्बीज रिटर्न' हा छोटा खेळ लिहिला. डार्बी आयर्लंडला परततो आणि अमेरिकेत पाहिलेलं गावकऱ्यांना सांगतो. स्वतः राष्ट्राध्यक्ष प्रेक्षकांत! डार्बी झाला होता हाच विग्नेल. पात्र ओकीफचं, पण विनोद त्या देशातलाच की.

आणि चेस्टनटला 1794 मध्येच सुझॅना रॉसनचं 'स्लेव्ह्ज इन अल्जिअर्स' झालं. अल्जिअर्समध्ये कैद झालेल्या अमेरिकनांची गोष्ट, संगीत तिथल्याच राइनॅगलचं.

तिसरी_घंटा:
रॉसन आणि राइनॅगल, दोघांचा जन्म इंग्लंडचा. :)

विंगेतला:
जन्मदाखलेच तपासायचे तर वॉशिंग्टनही ब्रिटिश प्रजा म्हणूनच जन्मला होता, साहेब.

तिसरी_घंटा:
कोटी छान. पण त्या पहिल्या रात्री डनलॅप नव्हता, रॉसनही नव्हती. 'डार्बी' खेळलेल्या विग्नेललाच हे सुचायला हवं होतं, म्हणून जास्त खटकतं.